आगीच्या, अपघाताच्या, दरडीच्या ड्युटीनंतर: मानसिक आघातावरचा उपचार कसा घ्यायचा

अग्निशमन दलातले जवान, १०८च्या रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट म्हणजे चालक, रुळांवरून मृतदेह उचलणारे रेल्वे पोलीस, एनडीआरएफ-एसडीआरएफ या आपत्ती प्रतिसाद दलांचे लोक आणि कंट्रोल रूममध्ये बसून फोनवरच्या किंकाळ्या ऐकणारे कर्मचारी, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. घरच्यांनीही वाचावा. बऱ्याचदा पहिली शंका त्यांनाच येते.

कामावर पाहिलेल्या गोष्टी महिनोन्महिने पिच्छा सोडत नसतील तर त्यावर ठरावीक मुदतीचा, तपासून पाहिलेला उपचार आहे. आपल्याकडे मात्र त्याऐवजी तीनपैकी एक गोष्ट पदरात पडते: ‘सकारात्मक विचार करा’ असं हॉलमध्ये बसवून दिलेलं व्याख्यान, झोपेची गोळी, नाहीतर ड्युटी सुटल्यावरची बाटली. म्हणून उपचार कोणता मागायचा आणि तो चालतो कसा, हे आधी माहीत असलेलं बरं.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचली नाहीत, भर पावसात ढिगारा हातांनी उपसावा लागला. वाडीकडचा चढ चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता होते, आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. मृतदेह पाहण्याचा त्रास वेगळा आणि ‘माणसं अजून खाली आहेत आणि आपण परत निघालो’ हा त्रास वेगळा. उपचारात दोन्ही वेगवेगळे हाताळावे लागतात.

पहिला महिना: घाई करू नका

वाईट वर्दीनंतर, म्हणजे मदतीच्या कॉलवर जाऊन आल्यावर, काही दिवस झोप न लागणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं, जेवणावरची वासना उडणं, हात थरथरणं हे आजाराचं लक्षण नव्हे. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. या काळात उपचारापेक्षा आधार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांत मावतं: पाहा, ऐका, जोडा. कुणाला काय हवंय ते पाहा, बोलला तर ऐका, आणि घर, डॉक्टर, रजा यांपैकी जे लागेल त्याच्याशी जोडून द्या.

प्रत्यक्षात याचा अर्थ अगदी साधा आहे. परत आल्यावर अंघोळ, गरम जेवण, घरी एक फोन. पहिल्या दोन-तीन रात्री एकट्याने काढू नये. दारू नको, कारण ती झोप आणते पण झोपेची घडी मोडते. आणि मोबाइलवरचे फोटो. घटनास्थळाचे, मृतदेहांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतात. ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं त्याला ते चहा पिताना पुन्हा पाहावं लागतं. स्टेशन ऑफिसरने हा प्रकार पहिल्याच दिवशी बंद करावा.

दोन गोष्टी टाळाव्यात. पहिली, सगळ्यांना गोल बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं’ ते सक्तीने सांगायला लावणं. ही पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले, त्यामुळे ती जगभरच्या दलांत झपाट्याने पसरली. पुढे नीट तुलना करून पाहिली तेव्हा अशा एका बैठकीने आघाताचा आजार टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, असं दिसलं. ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत ती देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. गाडीवरून परतताना सहकारी आपसात बोलले, शिव्या घातल्या, रडले, तर ते उत्तमच. सक्ती नको, एवढंच.

दुसरी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्या. आपल्याकडे या फार सहज लिहून दिल्या जातात. त्यांनी आघाताचा आजार रोखला जात नाही, आणि सवय मात्र लागते.

महिनाभर थांबू नये असे प्रसंगही आहेत. चार-पाच रात्री अजिबात झोप नाही, आपण कुठे आहोत याचं भान सुटतंय, पिणं रोजचं झालंय किंवा जीव द्यावासा वाटतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. जवळ सर्व्हिसचं शस्त्र असेल तर ते जमा करून टाका. निमित्त काहीही सांगा, पण जमा करा.

महिन्यानंतर: हे नेमकं काय चाललंय?

आघातोत्तर तणावाचा आजार, ज्याला सगळे पीटीएसडी म्हणतात, त्याची लक्षणं चार गटांत मोडतात आणि महिन्याहून अधिक काळ टिकतात. कामावरच्या भाषेत ती अशी दिसतात.

प्रसंग आपणहून परत येतो: स्वप्नात, किंवा तंदूरवरच्या मांसाच्या वासाने, किंवा स्टेशनच्या घंटेने. त्याला टाळण्यासाठी माणूस खटपट करतो: त्या रस्त्याने गाडी नेत नाही, लहान मूल अडकल्याची वर्दी आली की मागे राहतो, ड्युटी बदलून घेतो. मनाचा सूर बदलतो: ‘माझ्यामुळेच झालं’, ‘कुणाचा भरवसा नाही’, पोराच्या वाढदिवसालाही काही वाटत नाही. आणि अंग सतत सावध राहतं: भांडं पडलं तरी दचकणं, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसणं, क्षुल्लक कारणावरून बायकोवर ओरडणं. शेवटच्या या गटामुळेच घरचे म्हणतात, ‘हल्ली यांना झालंय तरी काय?’

‘आपल्याला कुठे काय झालं, मेले ते दुसरे’ हे वाक्य या क्षेत्रात फार ऐकू येतं. निदानाचे निकष तसं म्हणत नाहीत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांत कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा भीषण तपशिलांना सामोरं जाणं मोजलंय, आणि उदाहरण दिलंय तेच मुळी मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. ती कुणीतरी उचलतं. एकच मोठी घटना नसतानाही साचत साचत आजार होतो तो असा.

स्वतः चाचपून पाहायचं असेल तर पीसीएल-५ नावाची प्रश्नावली आहे: २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३च्या पुढे गेली तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. त्याखाली आली म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही, कारण गणवेशातली माणसं असे फॉर्म भरताना हात आखडता घेतात.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमडी डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, ते थेरपी करतात. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. चांगले काउन्सेलर आहेतच, पण पाटीवरून काही कळत नाही.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. ‘येरवड्याला गेला’ हे शब्द आपल्या समाजात कसे वापरले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओपीडीत जाऊन तपासून येणं म्हणजे भरती होणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्याच भेटीत हे विचारा: पीटीएसडीच्या रुग्णांना तुम्ही स्वतः उपचार दिलेत का? आघातावर केंद्रित थेरपी करता का, कोणती? साधारण किती सत्रं? सुधारणा मोजणार कशी? उत्तरात ‘बोलू आपण हळूहळू, बघू’ एवढंच आलं तर दुसरं दार ठोठवा. मन मोकळं केल्याने बरं वाटतं, त्याला कुणाची ना नाही. पण केवळ आधार देणाऱ्या गप्पांपेक्षा त्या आठवणीवरच थेट काम करणाऱ्या थेरपीचा गुण जास्त येतो, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही राहावी.

पाचवा प्रश्न गुप्ततेचा, आणि खरं तर लोक तिथेच अडतात. ‘साहेबांना कळलं तर फील्डवरून काढतील, प्रमोशन जाईल.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिलाय. तरीही खात्यानेच पाठवलेल्या डॉक्टरला सुरुवातीलाच विचारून घ्या, की तुमच्या अहवालात काय जाणार आणि तो कुणाकडे जाणार. शंका असेल तर उपचार बाहेर घ्या. याच कायद्याच्या कलम २१नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं. पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलाय का, ते मात्र वाचून घ्या.

उपचाराच्या खोलीत काय होतं

आघात-केंद्रित थेरपी साधारण ८ ते १५ सत्रांची, आठवड्याला एक. सत्र दीड तासापर्यंत चालतं. पहिली एक-दोन सत्रं माहितीची: त्रास काय, केव्हा, झोप कशी, पिणं किती. थेरपिस्ट समजावतो की टाळाटाळ करून आज सुटका होते, पण आठवण तशीच धगधगत राहते, कारण तिला ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का कधी बसतच नाही.

मग मुख्य काम. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, क्रमाने, आवाज-वास-स्पर्शासकट सांगायचा. पुन्हा सांगायचा. अस्वस्थता ० ते १००मध्ये किती ते मधून मधून सांगायचं. एडना फोआ यांनी बांधलेली ही दीर्घ सामोरं जाण्याची पद्धत.

समजा, एक लीडिंग फायरमन आहे. रहिवासी इमारतीच्या आगीत एक मूल वाचवता आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच वाक्य घट्ट बसलंय: ‘मी मागच्या खोलीत परत गेलो असतो तर ते वाचलं असतं.’ पहिल्यांदा सांगताना तो अख्खी गोष्ट चार मिनिटांत उरकतो. ‘गेलो, धूर होता, दोघांना काढलं, खाली आलो.’ थेरपिस्ट थांबवते. ‘जिन्यावर आहात. हात कुठे आहे तुमचा?’ ‘भिंतीवर. भिंत गरम आहे.’ ‘काय ऐकू येतंय?’ तिसऱ्या-चौथ्या सत्रात, पुन्हा त्याच जिन्यावर असताना तो म्हणतो, ‘शिट्टी वाजतेय.’ बीए सेटची, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राची शिट्टी. सिलिंडरमधली हवा संपत आली की ती वाजते, आणि वाजली की बाहेर यायचं असतं. हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलेलं. इतके महिने त्या आठवणीत शिट्टी नव्हतीच. थेरपिस्ट ‘बघा, तुमची चूक नव्हती’ असं म्हणत नाही. ती विचारते, ‘शिट्टी वाजत असताना तुमचा जवान परत आत गेला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?’ तो बराच वेळ गप्प बसतो. नंतर म्हणतो, ‘कानफटवला असता त्याला.’

दरवेळी अशी शिट्टी सापडेलच असं नाही. कधी खरोखर चूक झालेली असते: पत्ता चुकला, शिडी उशिरा लागली, एकाला आधी उचललं म्हणून दुसरा गेला. तिथे खोटा दिलासा कामाचा नाही, माणूस तो लगेच ओळखतो. त्या क्षणी हाताशी असलेली माहिती आणि नंतर कळलेली माहिती वेगळी करायची, आपला वाटा किती आणि परिस्थितीचा, साधनांचा, हुकमाचा किती ते मोजायचं, आणि जो वाटा आपला उरेल त्याचं काय करायचं ते ठरवायचं. इरशाळवाडीसारखा शोध थांबवून परतलेल्यांचं दुःख याच जातीचं. ती भीती नाही, अपराधभाव आहे, आणि नुसतं पुन्हा पुन्हा सांगून अपराधभाव सुटेलच असं नाही. तिथे पॅट्रिशिया रेसिक यांची १२ सत्रांची विचार-प्रक्रिया थेरपी उपयोगी पडते. तिच्यात अडकलेली वाक्यं कागदावर लिहून एकेक तपासतात. ज्यांना प्रसंग सविस्तर सांगणं नको वाटतं, त्यांनाही ती जमते.

ईएमडीआर हा तिसरा पर्याय. फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७च्या सुमारास सुरू केलेला. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. डोळे हलवल्यानेच गुण येतो का, यावर अजून वाद आहे. गुण येतो यावर फारसा नाही.

‘इतका वेळ त्यातच बुडून राहणं आपल्याला झेपेल का?’ ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी आपत्कालीन सेवेतल्याच १०० पीटीएसडीग्रस्तांवर अभ्यास केला, तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. १२ साप्ताहिक सत्रं. एका गटाला प्रत्येक सत्रात ४० मिनिटं प्रसंग सांगायचा, दुसऱ्याला फक्त १०, तिसरा गट प्रतीक्षेत. उपचार घेतलेले दोन्ही गट प्रतीक्षेतल्यांपेक्षा बरेच सुधारले आणि ४० मिनिटं व १० मिनिटं यांत फरक दिसला नाही. शिफ्टच्या माणसासाठी ही मोठी बातमी आहे. झेपत नसेल तर थेरपिस्टला सांगा, ‘दर सत्रात दहाच मिनिटं सांगण्यापासून सुरुवात करू.’

घरचा अभ्यास, आणि तो करायचा कुठे

प्रसंग सांगतानाचं रेकॉर्डिंग रोज ऐकायला देतात. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हे कुठे ऐकायचं? इअरफोन लावून स्टेशनच्या गच्चीवर, बंद गाडीत, मैदानात फेऱ्या मारताना. फाइलला लॉक लावा, पोरांच्या हाती लागायला नको. ड्युटीवर निघायच्या आधी किंवा झोपताना ऐकू नका. नंतर तासभर मोकळा असेल अशी वेळ निवडा.

दुसरा अभ्यास टाळलेल्या गोष्टींची यादी करून सोप्यापासून चढत जाण्याचा. आपल्या फायरमनची यादी, ० ते १००मधल्या अस्वस्थतेच्या आकड्यासह, अशी असेल: त्या इमारतीच्या रस्त्याने दुपारी सहकाऱ्याबरोबर जाणं, ३०. तंदूरच्या दुकानापुढे उभं राहणं, ४५. बातमीचं कात्रण वाचणं, ६०. त्या इमारतीच्या जिन्यात एकट्याने दहा मिनिटं थांबणं, ८५. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पुन्हा जायचं. खरोखर धोक्याची कामं या यादीत येत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या सत्राच्या आसपास काहींची स्वप्नं वाढतात, चिडचिड वाढते. उपचार सोडावासा वाटतो तो इथे, आणि इथेच सोडू नये. घरी आधीच सांगून ठेवा: ‘दोन-तीन आठवडे जरा कठीण जातील, मी चिडलो तर बाहेर चक्कर मारून येईन.’ बायकोने किंवा नवऱ्याने प्रसंगाचा तपशील विचारू नये, तेवढी जेवणाची आणि झोपेची वेळ सांभाळावी. आणि ‘तुम्ही तर शूर, तुम्हाला कसलं टेन्शन’ हे वाक्य पाहुण्यांनाही बोलू देऊ नये.

औषधं आणि दारू

थेरपी मिळत नसेल, नैराश्य जोडीला असेल किंवा रुग्णालाच गोळ्या बऱ्या वाटत असतील तर सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीन ही औषधं वापरतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका, हळूहळू कमी करायची असतात. गुंगी येत असेल तर गाडी चालवणाऱ्या पायलटने डॉक्टरला तसं स्पष्ट सांगावं.

दारूबद्दल डॉक्टरशी खोटं बोलणं ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी. पूर्ण सुटेपर्यंत आघाताचा उपचार थांबवायची गरज नसते, दोन्ही बरोबर चालू शकतात. सत्राला मात्र पिऊन जायचं नाही.

काम चालू ठेवायचं का?

शक्य असेल तर हो. घरी रिकामं बसल्याने टाळाटाळ वाढते. पण सत्राच्या रात्री नाइट ड्युटी नको, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याच प्रकारच्या वर्दीवर पुढच्या फळीत नको. वरिष्ठांना निदान सांगायची गरज नाही. ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत, दर गुरुवारी दुपारी दोन तास हवेत’ एवढं पुरतं. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेल्या ट्रिम पद्धतीत तुकडीतल्याच काही जणांना सहकाऱ्यांवर लक्ष ठेवायला आणि योग्य वेळी मदतीकडे वळवायला शिकवतात. आपल्याकडे हे काम अग्निशमन दलातला अनुभवी तांडेल किंवा पोलिसांतला हवालदार उत्तम करू शकतो. पोरं त्याच्याशी बोलतात, साहेबांशी नाही.

उपचार संपल्यावर

पीसीएल-५ दर दोन आठवड्यांनी भरा. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक गुणांनी खाली आली तर गाडी रुळावर आहे. सहा-आठ सत्रांनंतरही हलत नसेल तर थेरपिस्टला तसं विचारा. पद्धत बदलता येते, औषध जोडता येतं.

नोकरी तीच राहणार आहे, म्हणजे तशीच वर्दी पुन्हा येणार. शेवटच्या दोन सत्रांत यासाठीच कागदावर योजना लिहून घ्या: कोणती वर्दी जड जाईल, पहिली खूण कोणती (झोप मोडणं, की पोरांवर ओरडणं), ती दिसली की फोन कुणाला. वर्षश्राद्धाच्या दिवसांत आणि दरडी कोसळणाऱ्या जुलै महिन्यात त्रास काही दिवस वर उसळू शकतो. दोन आठवड्यांत बसला नाही तर थेरपिस्टकडे एक-दोन जादा सत्रं मागा; पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.